मेगावॉट नको, युनिट सांगा!



गेल्या उन्हाळ्यात आमच्यापैकी तिघे-चौघे एका सार्वजनिक इमारतीच्या गच्चीवर चढलो होतो. काम अगदी साधे होते. खाली कार्यक्रमाचा मांडव घालायचा होता आणि वर दोरी बांधायची होती. इमारतीचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. गच्चीवर सौर पॅनेलच्या दोन रांगा होत्या. त्यांवर धुळीचा थर इतका, की बोटाने नाव लिहिता यावे. एका कोपऱ्यात पॅनेलखाली कबुतरांनी संसार मांडलेला. जिन्याजवळ इन्व्हर्टरची पेटी आणि तिच्यावर लाल दिवा. आम्ही चौकीदाराला विचारले, हा दिवा कधीपासून लाल आहे? तो म्हणाला, "साहब, जब से मैं आया हूँ, लाल ही है."

खाली उतरलो तर दारातच संगमरवरी पाटी. किती किलोवॉटचा प्रकल्प, लोकार्पण कोणाच्या शुभहस्ते, विशेष उपस्थिती कोणाची, अध्यक्षस्थानी कोण, सगळे त्यावर कोरलेले. पाटी मात्र लख्ख पुसलेली होती!

आमचे सगळे भांडण या दोन दृश्यांत आहे. पाटी पुसायला माणूस आहे, पॅनेल पुसायला नाही. सौर ऊर्जेला आमचा विरोध नाही, उलट आम्ही तिचे कट्टर पुरस्कर्ते आहोत. म्हणूनच ज्या पद्धतीने ती सरकारी गच्च्यांवर चढवली जाते आणि मग विसरली जाते, ती पद्धत आम्हाला सहन होत नाही. नगर निगमाने सौर ऊर्जा आणावी, जरूर आणावी. पण यापुढे किती मेगावॉट बसवले हे आम्हाला सांगू नये. गेल्या महिन्यात किती युनिट निघाले, ते सांगावे.

दहा टक्क्यांची दोन वचने

आधी थोडा इतिहास, कारण आपल्या शहराला विसरायची सवय फार.

२००८ च्या सुमारास केंद्र सरकारने 'सौर शहर' योजना आणली. देशातली साठ शहरे निवडायची, प्रत्येकाचा आराखडा करायचा आणि पाच वर्षांत त्या शहराची पारंपरिक ऊर्जेची अपेक्षित मागणी किमान १० टक्क्यांनी कमी करायची, असे ठरले. महाराष्ट्रातून नागपूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली ही नावे त्यात होती. आपल्या मध्य प्रदेशातून इंदूर, ग्वाल्हेर, रीवा आणि भोपाळ होते. होय, आपले भोपाळ!

त्यानंतर २०१५ च्या जूनमध्ये स्मार्ट सिटी अभियान आले. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या वीस शहरांची यादी लागली आणि तिच्यातही भोपाळ होते. त्या अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतही एक अट होती, की स्मार्ट शहराच्या ऊर्जेच्या गरजेपैकी किमान १० टक्के ऊर्जा सूर्यापासून यावी. ते अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले.

म्हणजे दोन योजना, दोन आराखडे आणि दोन वेळा तेच १० टक्के. आता आम्ही एकच प्रश्न विचारतो. ते १० टक्के झाले का? झाले असतील तर कोणत्या वर्षी झाले, आणि ते कोणी मोजले? नसतील झाले, तर किती झाले? चार टक्के, दोन टक्के की अर्धा टक्का? शहरातल्या सामान्य करदात्याला या प्रश्नाचे उत्तर सहज, एका कागदावर मिळते का? मिळत नसेल, तर ती वचने नव्हती, जाहिराती होत्या.

स्मार्ट सिटीचे नाव काढले की आपल्या समाजातल्या जुन्या मंडळींच्या काळजात कळ उठते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला आली. नागपूरच्या सचिवालयातले कारकून आणि हिशेबनीस बिऱ्हाड-बाजले घेऊन इथे उतरले. ग्वाल्हेर-इंदूरकडचे आले. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत त्यांनी संसार थाटले, अंगणात तुळस लावली, मुले वाढवली. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी आधी शिवाजीनगर-तुळशीनगरची जागा ठरली. झाडे तोडली जाणार म्हणून नागरिक रस्त्यावर आले आणि ती योजना टी. टी. नगरला हलली. क्वार्टरे पडली. अनेकांची बालपणे त्या विटांबरोबर गेली. विकासासाठी गेली असतील तर आमची तक्रार नाही. पण ज्या विकासाच्या नावाने घरे गेली, त्याच्या अटींतले एक साधे कलम पुरे झाले की नाही, हे विचारण्याचा हक्क तरी आम्हाला आहे की नाही?

मेगावॉट म्हणजे काय, युनिट म्हणजे काय

काही वाचक म्हणतील, मेगावॉट काय आणि युनिट काय, एकच ना? नाही. आणि या गोंधळावरच सगळे राजकारण चालते.

किलोवॉट किंवा मेगावॉट ही यंत्राची ताकद. युनिट म्हणजे त्या यंत्राने प्रत्यक्ष केलेले काम. दोन अश्वशक्तीचा पंप विकत आणला म्हणजे पाणी आले असे होत नाही. तो किती तास चालला आणि हौदात किती पाणी पडले, ते पाहावे लागते. मेगावॉट उद्घाटनाच्या दिवशीच ठरतो आणि नंतर कागदावर कधी कमी होत नाही. पॅनेल फुटले, तार तुटली, इन्व्हर्टर जळला, तरी सरकारी अहवालात तो प्रकल्प तितक्याच किलोवॉटचा राहतो. युनिट मात्र रोज कमवावे लागते. म्हणूनच पुढाऱ्यांना मेगावॉट आवडतो आणि म्हणूनच आम्ही युनिट मागतो.

आता थोडा हिशेब. आपल्याकडे चांगल्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. एक किलोवॉटला सावली नसलेली साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. म्हणजे एखाद्या वॉर्ड कार्यालयाच्या किंवा सामुदायिक भवनाच्या गच्चीवर हजार चौरस फूट मोकळी जागा असेल, तर दहा किलोवॉट बसतात. दिवसाला चाळीस युनिट, वर्षाला चौदा हजारांहून अधिक. युनिटामागे सात रुपये धरले तर सुमारे एक लाख रुपये झाले. एका इमारतीचे, एका वर्षाचे.

हीच इमारत धुळीने माखली तर? आपल्याकडे मार्च ते जून धूळ उडते, पाऊस नसतो, आणि नेमके तेच सर्वांत चांगल्या उन्हाचे महिने. वर्षभरात १५ टक्के वीज जरी धुळीने खाल्ली, तरी दोन हजारांवर युनिट गेले, म्हणजे चौदा-पंधरा हजार रुपये. हे वाचवायला लागते काय? आठवड्यातून एकदा सकाळी, ऊन तापायच्या आत, दोन-चार बादल्या पाणी आणि मऊ फडके. तेवढेही होत नाही, कारण ते कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नाही. सफाई कामगार म्हणतो, माझे काम खालच्या मजल्यांचे. विजेचा माणूस म्हणतो, मी झाडू मारायला नाही. ठेकेदार म्हणतो, माझी मुदत संपली.

मुदतीची ही गोष्ट नीट समजून घ्या. सरकारी निविदांत बहुधा पाच वर्षांच्या देखभालीची अट असते. पॅनेल मात्र पंचवीस वर्षे चालते. इन्व्हर्टरचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे. म्हणजे सहाव्या वर्षी तो प्रकल्प पोरका होतो आणि दहाव्या-बाराव्या वर्षी इन्व्हर्टर गेला की त्याच्यावर गच्चीतच पांढरे कापड पडते. नव्या इन्व्हर्टरला पैसे हवेत, पण त्यासाठी अंदाजपत्रकात शीर्षकच नसते. नव्या प्रकल्पाला शीर्षक असते, कारण त्याची फीत कापता येते. इन्व्हर्टर बदलल्याची फीत कोण कापणार?

सौर ऊर्जेची खरी परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही. ती सहाव्या वर्षी होते.

शेजाऱ्यांकडे पाहा

आपले राज्य या विषयात मागासलेले आहे असे मुळीच नाही. रीव्याचा ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प १० जुलै २०२० रोजी पंतप्रधानांनी राष्ट्राला अर्पण केला. २०१७ च्या लिलावात तिथे पहिल्या वर्षाचा दर युनिटाला २ रुपये ९७ पैसे इतका खाली आला आणि साऱ्या देशाचे डोळे विस्फारले. त्या विजेतला २४ टक्के वाटा दिल्ली मेट्रोकडे जातो. म्हणजे रीव्याच्या उन्हावर दिल्लीची गाडी धावते! आणि आपल्या वॉर्ड कार्यालयाचा पंखा?

आपल्यापासून पन्नासएक किलोमीटरवरचे सांची घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या छोट्या गावाला देशातले पहिले सौर शहर म्हणून जाहीर केले गेले. नागौरीच्या टेकडीवर ३ मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. आम्हाला त्याचे कौतुक आहे. पण घोषणेचे कौतुक घोषणेच्या वर्षापुरतेच असते. सांचीतही आमचा प्रश्न तोच राहील: या महिन्यात किती युनिट?

आणि इंदूर! इंदूरचे नाव घेतले की भोपाळकराच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणतो. तरीही घ्यावे लागते. इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून उपसून आणावे लागते. जलूद हे महेश्वरच्या परिसरातले, म्हणजे अहिल्याबाईंच्या राजधानीच्या अंगणातले. त्या उपशाच्या विजेचा खर्च कमी करण्यासाठी इंदूर नगर निगमाने जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प ठरवला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोखे काढून बाजारातून २४४ कोटी रुपये उभे केले. सामान्य गुंतवणूकदारालाही ते रोखे घेता आले आणि मागणी कितीतरी पट जास्त आली.

यातला मुद्दा मेगावॉटचा नाही. मुद्दा असा, की ज्यांनी रोखे घेतले ते व्याज मागणार, आणि व्याज मागणारा माणूस हिशेबही मागतो. अनुदानाच्या पैशाला मालक नसतो, कर्जाच्या पैशाला असतो. म्हणून इंदूरच्या निगमाला त्या प्रकल्पाचे युनिट मोजावेच लागतील. भोपाळच्या गच्च्यांवरच्या पॅनेलांना असा कोणी सावकार नाही. तो सावकार आपण व्हायचे आहे, कारण पैसा शेवटी आपलाच आहे.

शिर्डीला तर आपल्यातले पुष्कळ जण जातात. प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ मध्ये ७३ मोठे आरसे बसवले आणि त्यांच्या उष्णतेने वाफ करून हजारो भक्तांचा स्वयंपाक होऊ लागला. तिथला आरसा मळला तर खाली वाफ कमी पडते, आणि वाफ कमी पडली की आचारी ओरडतो. तिथे हिशेबाची वही नसली तरी चालेल, कारण रोजची पंगत हाच हिशेब आहे. सरकारी गच्चीवरचे पॅनेल बंद पडले तर कोणी उपाशी राहत नाही. पंखा फिरतच असतो, वीज कंपनीची वीज येतच असते. फक्त बिल वाढते, आणि ते ज्याच्या खिशातून जाते त्याला कळतही नाही.

बिल कोण भरते?

आपण भरतो. पण सरळ भरत नाही, म्हणून टोचत नाही.

भोपाळला बडा तालाब आहे, पण साऱ्या शहराची तहान आता एकट्या राजा भोजाच्या तलावाने भागत नाही. कोलार धरणाचे पाणी येते. नर्मदेचे पाणी सीहोर जिल्ह्यातून उचलून, चढ चढवून शहरात आणले जाते. पाणी चढवायचे म्हणजे पंप, पंप म्हणजे वीज. त्यावर रस्त्यावरचे दिवे, सांडपाण्याचे प्रकल्प, कार्यालये, अग्निशमन केंद्रे, वाचनालये. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा आणि रस्त्यावरचे दिवे ही नगरसंस्थांची कामे म्हणून बाराव्या अनुसूचीत लिहून ठेवली आहेत. कामे दिली, पण कमाईची साधने तितकी दिली नाहीत. मग वीजबिल थकते. आणि थकले की आपल्या राज्यात काय होते? जकात बंद झाल्याच्या बदल्यात नगरसंस्थांना जी चुंगी क्षतिपूर्ती मिळते, तिच्यातून विजेची थकबाकी वरच्या वर कापली जाते. पैसा निगमाच्या हाती येण्याआधीच गेलेला असतो!

तो पैसा गेला की पुढे काय थांबते? नालेसफाई उशिरा होते, गल्लीतला खड्डा तसाच राहतो, रोजंदारीवरच्या सफाई कामगाराचा पगार लांबतो. आणि मग एक दिवस वर्तमानपत्रात येते, मालमत्ता कर किंवा पाणीपट्टी वाढणार. म्हणजे गच्चीवरची ती धूळ आपल्या कराच्या पावतीवर येऊन बसते. दोन्हींचा संबंध कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगत आहोत.

आक्षेप आणि उत्तरे

आमच्या बोलण्यावर काही आक्षेप येतील. काही आलेही आहेत.

पहिला आक्षेप: गच्च्यांनी काय होणार? खरा खर्च पंपांचा. हे अर्धे खरे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. नर्मदेचा उपसा वॉर्ड कार्यालयाच्या गच्चीवरून होणार नाही. त्याला इंदूरसारखा मोकळ्या जमिनीवरचा मोठा प्रकल्पच हवा. पण ज्याला दहा किलोवॉटची गच्ची स्वच्छ ठेवता येत नाही, त्याच्या हाती दहा मेगावॉटचे रान कोण देईल? लहान कामाचा हिशेब ही मोठ्या कामाची पात्रता आहे.

दुसरा आक्षेप: निगमाकडे पैसे नाहीत. मग पैसे न घालता करा! खासगी कंपनीने स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवायचे आणि इमारतीने पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने वीज घ्यायची, ही पद्धत आपल्याच राज्यात रुळलेली आहे. २०१८ मध्ये राज्याच्या ऊर्जा विकास निगमाने सरकारी गच्च्यांसाठी अशा निविदा काढल्या, तेव्हा अनुदानाच्या साह्याने सर्वांत कमी दर युनिटाला १ रुपया ३८ पैसे इतका खाली आला होता. त्या निगमाचे ऊर्जा भवन आपल्याच शिवाजीनगरात आहे, काही लांब नाही. या पद्धतीचा एक मोठा गुण असा, की कंपनीला पैसे युनिटावर मिळतात. म्हणून पॅनेल तीच पुसते. अट एकच: निगमाने तिचे बिल वेळेवर द्यावे. तेही थकवले, तर पुढच्या निविदेला कोणी फिरकणार नाही.

तिसरा आक्षेप: पावसाळ्यात काय? पावसाळ्यात वीज कमी निघते, नाही असे नाही. पण चार युनिटांची सरासरी पावसाळा धरूनच आहे. आणि पाऊस पॅनेल फुकटात धुतो, जे काम बाकीचे आठ महिने कोणी करत नाही.

चौथा आक्षेप आम्हाला जिव्हारी लागतो: सरकारी कामात तुम्ही लुडबूड का करता? गणपती बसवा, दिवाळी पहाट करा, नाटके करा. आमचे उत्तर असे, की नगर निगमाचे करदाते म्हणून आम्ही मराठी नाही, हिंदी नाही, भोपाळी आहोत. आणि हिशेब विचारणे याला लुडबूड म्हणत नाहीत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने तर सरकारी कार्यालयांनी बरीच माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करावी असेच सांगितले आहे. आम्ही न मागितलेलेच मागत आहोत, इतकेच.

आपल्याही गच्चीकडे पाहू

पण दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवताना स्वतःचे मुसळ लपवणे आम्हाला शोभणार नाही.

आपल्या समाजाच्या वास्तूंच्या गच्च्यांवर काय आहे? पाण्याची टाकी, गेल्या गणेशोत्सवाच्या मांडवाचे बांबू, तुटक्या खुर्च्या. सभागृहात लग्ने लागतात, नाटकांच्या तालमी होतात, भगिनी मंडळाची भिशी होते, एसी चालतो, आणि बिल आले की कार्यकारिणीत खडाजंगी होते. छतावरच्या सौर यंत्रणेला केंद्राचे अनुदान २०१९ पर्यंत सामाजिक आणि शैक्षणिक संस्थांनाही मिळत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यापासून ते घरगुती ग्राहकांपुरते राहिले. ती सारी वर्षे आपण काय करत होतो? देणगीदारांच्या नावांच्या पाट्या कोणत्या क्रमाने लावायच्या यावर वाद घालत होतो. निगमाला पाटी आवडते म्हणून आम्ही हसलो, पण तो आजार आपल्यालाही आहे.

घरांचीही तीच गत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान त्यात ठरले. अरेरा कॉलनीपासून कोलार रोडपर्यंत आपल्या किती घरांवर पॅनेल आहेत, हे प्रत्येकाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाता-येता वर मान करून पाहावे. पुण्याच्या महापालिकेत सौर यंत्रणा, पर्जन्यजल-संधारण, गांडूळखत असे काही केलेल्या घरांना मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलतीची पद्धत आहे. आपण भोपाळमध्ये अशी मागणी केली तर ती रास्त ठरेल. पण मागणाऱ्याच्या गच्चीवर आधी काहीतरी असावे.

म्हणून आम्ही सुचवतो, की समाजाच्या वास्तूवर पहिल्या टप्प्यात निदान पाच किलोवॉट बसवावेत, अनुदानाची वाट न पाहता, वर्गणी काढून. देणगीदारांची पाटी लावू नये. तिच्या जागी एक काळा फळा टांगावा आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर खडूने युनिटांचा आकडा लिहावा. हवे तर फळा पुसायचा मान देणगीदारांना द्यावा!

आमच्या मागण्या

निगमाकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत, आणि बहुतेक बिनखर्ची आहेत.

१. निगमाच्या ज्या ज्या इमारतीवर सौर पॅनेल आहे, तिच्या दर्शनी भागात एक फलक असावा. त्यावर तीनच ओळी: या महिन्याचे युनिट, गेल्या वर्षी याच महिन्याचे युनिट, आणि देखभालीला जबाबदार कर्मचाऱ्याचे पद.

२. पॅनेल धुणे हे काम कोणाचे, ते लेखी आदेशाने ठरवावे. झोन कार्यालयातल्या कामाच्या यादीत ते आठवड्याच्या वारासकट लिहावे.

३. निगमाच्या वार्षिक अंदाजपत्रकात सौर देखभाल आणि इन्व्हर्टर बदली असे स्वतंत्र शीर्षक असावे. सहाव्या वर्षाची तरतूद पहिल्या वर्षीच व्हावी.

४. बंद पडलेली यंत्रणा तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर ती गोष्ट परिषदेच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावी. दंड नको. नुसते वाचून दाखवावे. लाज पुरेशी आहे.

५. जुने चालू होत नाही तोवर नव्याची फीत कापू नये. ज्या वॉर्डात एक यंत्रणा बंद आहे, तिथे दुसरीचे भूमिपूजन नाही.

६. घरांवर सौर यंत्रणा बसवणाऱ्या नागरिकांना मालमत्ता करात सवलत देण्याचा प्रस्ताव परिषदेपुढे आणावा.

हे काम आपलेच

शेवटी एक गोष्ट मनापासून.

१९५६ मध्ये नागपूरहून आलेल्या त्या पिढीकडे शेतीवाडी नव्हती, दुकाने नव्हती. त्यांच्याकडे होती स्वच्छ अक्षरातली वही, तारीखवार लावलेली फाईल आणि जमा-खर्चाचा ताळमेळ. पुढच्या पिढीतले कितीतरी जण भेलच्या कारखान्यात गेले. तिथे पाळी सुरू होताना आणि संपताना लॉगबुक भरल्याशिवाय कोणी यंत्राजवळून हलत नसे. इंजिनीअर असो वा फिटर, आकडा लिहून खाली सही केली की मगच घर. ही आपली खरी वडिलोपार्जित इस्टेट आहे. आज शहराला नेमकी तीच हवी आहे आणि आपण ती पेटीत ठेवून तिच्या आठवणी सांगत बसलो आहोत.

आपल्यातले शेकडो जण निवृत्त आहेत. सकाळी फिरायला जातात, बाकावर बसून सरकारला शिव्या देतात. आम्ही त्यांना हात जोडून विनंती करतो. शिव्या द्या, पण आधी मीटर वाचा. प्रत्येकाने आपल्या फिरण्याच्या वाटेवरची पॅनेल असलेली एक सार्वजनिक इमारत निवडावी. महिन्यातून एकदा आत जाऊन नम्रपणे आकडा विचारावा, वहीत तारीख घालून लिहावा आणि आमच्याकडे पाठवावा. कोणी नाही म्हटले तर तेही लिहावे: अमुक तारखेला विचारले, सांगितले नाही. आम्ही ते सगळे आकडे या अंकात इमारतवार छापू. नाही सांगितलेलेही छापू.

आणि मग निवडणूक येईल. २०२२ च्या जुलैमध्ये निवडून आलेल्या परिषदेची मुदत २०२७ मध्ये पुरी होते. पंच्याऐंशी वॉर्डांतले उमेदवार हात जोडून दारात येतील. कोणी म्हणेल, आम्ही इतके मेगावॉट आणले. कोणी म्हणेल, आम्ही त्याच्या दुप्पट आणू. त्यांना पाणी द्या, खुर्ची द्या. पक्ष कोणताही असो, आम्ही कोणाचाही झेंडा धरायला सांगत नाही. फक्त आपली वही पुढे करा आणि एवढेच विचारा: "भाऊसाहेब, आमच्या वॉर्डाच्या गच्चीवर गेल्या महिन्यात युनिट किती निघाले?"

ज्याला उत्तर येईल, त्याचा विचार करा. ज्याला येणार नाही, त्याला आमच्या त्या चौकीदाराकडे पाठवा. तो त्याला लाल दिवा दाखवील.